बरडावरचा मोर

आमच्या गावातून पलीकडच्या गावाला जाणारी पायवाट बरडावर चढली की एकदम डावीकडे वाकते, भलामोठा वळसा घेते आणि पुन्हा मूळच्या दिशेला लागते. मध्ये ना विहीर, ना झाड, ना कोणाचं शेत. नुसती मुरमाड उतरती जमीन, कुसळी गवत आणि काळे दगड. सरळ गेलं तर निम्मं चालणं वाचेल. पण लहानपणापासून मी कोणाला सरळ जाताना पाहिलं नाही. डोक्यावर सरपणाचा भारा असलेली बाईसुद्धा वळसा घालूनच जायची. का, असं विचारलं तर उत्तर एकच मिळायचं, तिथून जात नसतात. आमच्याकडे ‘नसतात’ म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं.

माझ्या वडिलांकडे मात्र कारण होतं. ते म्हणायचे, तिथे मोर आहे. त्याच्या अंगावरून चालू नये म्हणून वाट बाजूने जाते. लहानपणी गुरं राखताना एका म्हातारीने त्यांना हे सांगितलं होतं, आणि तिला तिच्या सासूने. त्या दगडांच्या रांगा म्हणजे मोराची मान, पोट, पिसारा. कोणी मांडल्या, कधी मांडल्या, हे म्हातारीला माहीत नव्हतं. बाबा पुढे गावातल्याच प्राथमिक शाळेत शिक्षक झाले. अधूनमधून बदल्या झाल्या, पण फिरून फिरून ते इथेच आले, आणि दर वर्षी नव्या पोरांना बरडावर नेऊन मोर सांगत राहिले. पोरं जायची, घोट्याएवढ्या उंचीच्या, जागोजागी तुटलेल्या दगडांच्या ओळी पाहायची आणि खिदळत परत यायची. मोर कोणालाच दिसायचा नाही. गावाने त्यांचं नाव मोर गुरुजी ठेवलं आणि मी झाले मोर गुरुजींची पोरगी. मी शाळेत जाताना मागून पोरं मोरासारखी ओरडायची. मला राग यायचा, आणि तो पोरांपेक्षा बाबांचाच जास्त. मी एकदा त्यांना सांगितलंही की हे मोराचं प्रकरण आता पुरे. ते हसले. म्हणाले, "मोठा हाये म्हणून दिसत नाई. मुंगीले हत्ती दिसते काय?"

मी खामगावला राहते, एका सरकारी कचेरीत कारकून आहे. आई गेल्यावर बाबांना इकडे आणायची खूप खटपट केली, पण ते गाव सोडायला तयार नाहीत. काचबिंदूने त्यांचा एक डोळा पूर्ण नेला आहे आणि दुसऱ्यात थोडी उजेड-सावली उरली आहे. समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण ते बोलल्याशिवाय कळत नाही. दर शनिवारी मी जाते, भाजी-किराणा भरते, औषधाच्या बाटल्या पाहते आणि त्यांच्याशी भांडून परत येते. आमचं प्रेम या भांडणातच आहे, दुसऱ्या कशात शोधायला जाऊ नये.

मोर मला पहिल्यांदा दिसला तो गावातल्या एका लग्नात. हल्ली लग्नात ड्रोन लागतोच. नवरदेवाच्या वरातीत चार माणसं कमी चालतील, पण ड्रोन पाहिजे. नांदुऱ्याहून आलेला फोटोवाला मांडवामागे उभा राहून तो उडवत होता आणि मी जेवणाच्या रांगेला कंटाळून त्याच्याजवळ उभी होते. त्याच्या हातातल्या छोट्या पडद्यावर आधी मांडव दिसला, मग घरांची छपरं, मग देवळाचा कळस. नवरदेवाची घोडी गावाबाहेरून येत होती, तिला टिपायला त्याने ड्रोन आणखी वर नेला, तसा पडद्याच्या कडेला बरड आला. उन्हं कललेली होती. दगडांच्या सावल्या लांब पडल्या होत्या. आणि त्या सावल्यांमधून एक वाकडी मान, एक गोल पोट आणि उताराला लागून पंख्यासारखा पसरलेला पिसारा स्पष्ट दिसत होता. मी फोटोवाल्याचा हात धरला. तो म्हणाला, ताई, घोडी निघून जाईल. मी म्हटलं, जाऊ दे घोडी.

त्याने बिचाऱ्याने मला तो तुकडा मोबाइलवर पाठवला. मी जेवण सोडून बाबांना शोधलं. ते मांडवात पुढच्या खुर्चीवर बसले होते. मोबाइल त्यांच्या चांगल्या डोळ्याजवळ नेला, लांब नेला, उजेड वाढवला. त्यांना एक पांढरट चौकोन दिसत होता, बस. शेवटी मी त्यांचा तळहात उघडला आणि बोटाने त्यावर मान काढली, पोट काढलं, पिसाऱ्याच्या रेघा काढल्या. वाजंत्री वाजत होती, लोक अक्षता घेऊन उभे राहत होते, आणि बाबा हात तसाच उघडा धरून बसले होते. म्हणाले, पुन्हा काढ. मी पुन्हा काढला. नंतर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मला काय करावं ते कळेना. आयुष्यभर ज्याची थट्टा झाली ते खरं निघालं, आणि तोच एक माणूस ते पाहू शकत नव्हता.

गावात तो व्हिडिओ दोन घटकांत सगळ्यांच्या मोबाइलवर गेला. ज्यांनी थट्टा केली होती ते आता घरी येऊन बाबांच्या पाया पडत होते. काहींनी तर आपल्याला आधीपासूनच माहीत होतं असंही सांगून टाकलं.

पण त्याच उन्हाळ्यात दुसरीही एक गोष्ट ठरली होती. गावाचा रस्ता रुंद आणि पक्का होणार होता आणि त्यासाठी लागणारा मुरूम बरडावरून काढायचा होता. बरड म्हणजे ई-क्लासची जमीन, सरकारी गायरान. तिथून मुरूम काढायला गावाने केव्हाच होकार दिलेला. त्यात वाईट काही नव्हतं. त्या रस्त्यावरून मी दर शनिवारी येते, माझी कंबर मला रस्त्याची बाजू सांगते. पावसाळ्यात बाळंतिणीला बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावं लागलेलं मी पाहिलं आहे. रस्ता नको असं म्हणायचं तोंड कोणाला नव्हतं, बाबांनाही नव्हतं. मोरासाठी दुसरीकडून मुरूम आणा म्हटलं तर ठेकेदार हसला असता, आणि कागद झालेले आहेत एवढंच बोलला असता. कागद झाले की काय होतं ते मला कचेरीत बसून पाठ झालेलं आहे.

बाबांनी एकच मागितलं. मोर वाचला तर उत्तम, म्हणाले, पण नाही वाचला तरी तो जायच्या आधी एका जाणकार माणसाने येऊन पाहून जावं. हा किती जुना आहे, एवढं तरी त्याने सांगावं. म्हातारीने त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनी पोरांना सांगितलं नव्हतं, कारण कोणालाच माहीत नव्हतं. मरण्याआधी हे एक त्यांना हवं होतं. दुसरं काही त्यांनी माझ्याकडे कधी मागितल्याचं मला आठवत नाही. मागितलं असतं तरी बरं झालं असतं, काहीतरी तर देता आलं असतं.

मी एका विद्यापीठात फोटो पाठवले. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. पण तिथल्या एका मॅडमचा फोन आला, आणि आवाजावरूनच कळलं की बाई उठून उभी राहून बोलते आहे. तिने सांगितलं की अशी चित्रं जगात मोजक्या ठिकाणी आहेत. कुठे परदेशातल्या वाळवंटात, कुठे राजस्थानच्या वाळूत, आपल्याकडे कोकणातल्या सड्यांवर. ती इतकी मोठी असतात की जमिनीवरून त्यांचा पत्ता लागत नाही. ज्यांनी काढली त्यांनी ती वरून कधी पाहिली नाहीत, आणि कोणासाठी काढली हेही कोणाला ठाऊक नाही. मी विचारलं, आमचा मोर त्यातलाच असेल का? ती म्हणाली, असेल किंवा पन्नास वर्षांपूर्वी कोणी गुराख्याने केलेला खेळही असेल. आल्याशिवाय सांगता येणार नाही. पण सांगता येईल, हे तिने नक्की सांगितलं. तिच्या अहवालाने खोदकाम थांबूही शकतं, असंही म्हणाली. मी हे सगळं बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, मॅडमला जेवायला काय लागतं?

येण्याचा दिवस ठरला. मार्च अखेर होती, कचेरीत मान वर करायला सवड नव्हती, त्यामुळे मधल्या शनिवारी मला गावाला जाता आलं नाही. फोनवर बाबा नुसतं म्हणत होते, तू काळजी करू नको, इकडे तयारी चालू आहे. मला वाटलं, स्वयंपाकाची.

आता बाबांविषयी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, आणि शाळेत सगळ्यात मोठा सण म्हणजे तपासणी. साहेब येणार असं कळलं की आधीचे चार दिवस पाटीला हात नाही. पोरांकडून आवार झाडून घ्यायचं, वाटेच्या दोन्ही बाजूंचे दगड सरळ रेषेत मांडायचे, कमी पडले तर नवे आणायचे, आणि एकाआड एक चुना आणि गेरू लावायचा. झाडांच्या बुंध्यांनासुद्धा चुना. त्यात फसवाफसवी काही नव्हती. साहेब आपल्यासाठी एवढ्या लांबून येतो, त्याला नीट दिसलं पाहिजे, एवढाच भाव. ही रीत गावाच्या अंगातही भिनलेली होती, कारण आज जे मिशीवाले आहेत त्यांनी पोरपणी बाबांच्या हाताखाली चुनाच लावलेला आहे.

मॅडमला मी खामगावच्या स्टॅण्डवरून घेतलं. मध्यम वयाची, सुती साडी, पायात बूट, पाठीवर पोत्यासारखी पिशवी. गाडीत ती मला पाणी पिता पिता प्रश्न विचारत होती. गावाच्या अलीकडे रस्ता वळतो तिथून बरडाचा उतार समोर येतो. वळण घेतलं आणि मला तो दिसला. कोणत्याही ड्रोनशिवाय, भर दुपारी, मैलभर अंतरावरून. पांढराशुभ्र मोर. मान डौलदार, पिसाऱ्याची एकन् एक रेघ आखल्यासारखी, टोकाटोकाला गेरूचे लाल ठिपके. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर इतकं भरून आलं की मी मॅडमच्या गुडघ्यावर हात मारला. म्हटलं, पाहा. ती पाहतच होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला मी मग पाहिला.

बरडाखाली सगळं गाव जमलं होतं. नारळ होता, हार होता, बायकांनी वाटेवर रांगोळी घातली होती. बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून पुढे उभे होते. त्यांनी आवाजाच्या दिशेने हात जोडले आणि सांगायला सुरुवात केली. मोराचे दगड फार विस्कटले होते, गावाने खपून ते नीट ओळीत लावले, मातीत रुतलेले उकरून काढले, धुतले, जिथे नव्हते तिथे नाल्यातून आणले. पोरांनी मोबाइलवरचं चित्र पाहून सांगायचं आणि बाबांनी, दिसत नसताना, त्याप्रमाणे एकेक ओळ करवून घ्यायची, असं चाललं होतं. सरपंचांनी मॅडमना विचारलं की नावाचा फलक मराठीत लावायचा की इंग्रजीतही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, एवढंच माझ्या डोक्यात येत होतं. अजून नेमकं काय बिघडलं ते मला कळलं नव्हतं, पण बिघडलं आहे हे कळलं होतं.

मॅडमने हार घेतला, नारळ घेतला, सगळ्यांना नमस्कार केला. बाई मनाने चांगली होती. मग लोकांना खालीच थांबायला सांगून ती बाबांना आणि मला घेऊन वर गेली. एका ओळीपाशी बसून तिने एक दगड उलटा केला आणि खालच्या मातीवरून बोट फिरवलं. बाबांनी विचारलं, "दिसला ना मोर?"

"दिसला, गुरुजी. फार सुंदर आहे," ती म्हणाली. मग तिने ते सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे पाहत होती, पण बाबा ऐकत होते. "दगड एकदा ठेवला की त्याच्या खालच्या मातीला ऊन लागत नाही. त्या मातीला शेवटचं ऊन कधी लागलं, हे आम्हाला मोजता येतं. दगड कधी मांडले ते त्यावरून कळतं. हे दगड आता उचललेत, गुरुजी. मातीनं ऊन पाहिलं. आता मोजलं तर ते या आठवड्यातलं येईल."

मला वाटलं बाबांना समजणार नाही. पण ते शिक्षक होते, एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायची त्यांना सवय नव्हती. ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. "म्हंजे पाटी मीच पुसली," म्हणाले.

खाली लोक माना वर करून आमच्याकडे पाहत होते, कोणी हात हलवत होतं. मला त्या सगळ्यांचा संताप आला आणि त्याच वेळी त्यांच्यावर संतापताही येईना. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोणाला काय म्हणायचं होतं? त्यांनी उन्हातान्हात, घरचा चुना आणून, प्रेमाने केलं होतं.

तरीही मॅडमने सगळी आकृती पायांनी फिरून पाहिली. बाबांना मी मानेजवळ एका खडकावर बसवलं होतं. मोराच्या डोक्याशी आल्यावर ती एकदम थांबली आणि तिने मला हाक मारली. तिथे एक मोठा काळा दगड होता, जात्याच्या दोन पाळ्यांएवढा, निम्मा जमिनीत. वरून चुना फासलेला होता, पण कडेचं गवत आणि माती जशीच्या तशी होती. हा मोराचा डोळा. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, तो चौघांना हालला नाही, म्हणून नुसता रंगवला. मॅडम गुडघ्यावर बसली, दगडाच्या बुडाशी गाल टेकून तिने पाहिलं, आणि पहिल्यांदा तिचा आवाज बदलला. म्हणाली, याच्याखाली अजून अंधार आहे.

एका दगडावरून सगळ्या मोराचं वय सिद्ध होत नाही, हे तिने स्पष्ट सांगितलं. पण डोळा कधी ठेवला ते कळेल, आणि ते अहवालात लिहिता येईल. त्यासाठी परवानगी लागेल, साहित्य लागेल, आणि अंधार पडल्यावर काळ्या कापडाखाली माती काढावी लागेल. तोवर या दगडाला कोणी हात लावायचा नाही. बाबा खडकावरून उठून आवाजाच्या रोखाने चालत आले. वाटेत दगडांना अडखळले, पण मला हात धरू दिला नाही.

मॅडम गेल्यावर घरी आलो. बाबा बाजेवर बसले आणि म्हणाले, "गावाले सांगू नको."

मी म्हटलं, का नको? सांगितलंच पाहिजे. अर्धवट कळलेल्या माणसांनी आणखी काही केलं म्हणजे?

"त्याईनं माह्या शब्दावर केलं. आता त्याईले सांगायचं, की तुमी मोर मारला? जन्मभर मनाले लावून घेतीन. मी खाऊन टाकतो हे. तू बोलू नको."

मी खूप भांडले. हे भांडण नेहमीचं नव्हतं, मला खरोखर राग आला होता. पण त्यांनी हात जोडले. बापाने हात जोडल्यावर मुलीने काय करायचं? मी गप्प बसले. गाव मात्र खुशीत होतं. मॅडमनी हार घेतला, फोटो काढले, म्हणजे काम झालं असं सगळ्यांना वाटत होतं. येणारे जाणारे बाबांना विचारायचे, फलक कधी लागणार. बाबा म्हणायचे, लागेल, लागेल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मी रोज लोकांना ऐकवते. आता मी रांगेत होते. मॅडमची परवानगी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होती. तिचा दोष नव्हता, टेबलांचाही नव्हता, प्रत्येक टेबलावर माझ्यासारखं कोणीतरी बसलेलं असतं. इकडे रोज संध्याकाळी बाबांचा फोन यायचा. आधी इकडचं तिकडचं बोलायचे, मग सहज विचारल्यासारखं, मॅडमचा फोन आला काय? मी नाही म्हणायचे. ते म्हणायचे, येईल. मग एक दिवस त्यांनी फोनवर सांगितलं की बरडावर मुरूम खोदायची मशीन आली आहे. आवाज घरापर्यंत येत होता. पिसाऱ्याच्या बाजूने काम सुरू झालं होतं.

मी रजा टाकून गेले. ठेकेदाराचा मुकादम भला माणूस निघाला. मी त्याला सांगितलं की डोक्याकडच्या मोठ्या दगडाजवळ येऊ नका, एक तपासणी बाकी आहे. तो म्हणाला, इकडे मुरूम पुष्कळ आहे, तिकडे यायला वेळ लागेल. त्याने माझ्यासमोर दगडाभोवती चार काठ्या रोवून दोरी बांधली, दोरीला लाल चिंध्याही बांधल्या. मशीनवर आमच्याच गावचा मुलगा होता, म्हणजे आता दोन लेकरांचा बाप. तो बाबांचा विद्यार्थी. चुना लावणाऱ्यांत तो पुढे होता. मला पाहून त्याने मशीन बंद केली, खाली उतरला आणि मान खाली घालून म्हणाला, त्याला हे काम जिवावर येतं, पण दुसरं काम नाही. मला वाटलं, याला सगळं सांगावं. ऊन, माती, अंधार, सगळं. जिभेवर आलं होतं. पण बाबांचे जोडलेले हात आठवले, आणि मी फक्त म्हटलं, जप त्या दगडाला, बाबांचा जीव आहे त्यात. तो म्हणाला, ताई, मले सांगा लागते काय?

परवानगी आली ती अगदी अनपेक्षित. मॅडमचा फोन आला, रविवारी संध्याकाळपर्यंत पोचते म्हणाली. मी शनिवारीच गावाला गेले आणि बाबांना सांगितलं. ते रात्रभर कूस बदलत होते. सकाळी त्यांनी न्हाव्याला घरी बोलावून दाढी केली. मला म्हणाले, इस्त्रीचा शर्ट काढ. मी म्हटलं, मॅडम संध्याकाळी येणार आहेत. ते म्हणाले, असू दे. त्यांनी मला विचारलं की माती काढल्यावर किती दिवसांत कळतं. मी म्हटलं, काही महिने लागतील. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला आणि मान हलवली, चालेल अशी. किती तरी वर्षांत मी त्यांना इतकं आनंदी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्याशी भांडले नाही, यावरून काय ते समजा.

दुपारच्या सुमाराला गल्लीत घरघर झाली. पोरं ओरडत पुढे पळत येत होती. मी ओट्यावर आले. मशीन हळूहळू आमच्या घराकडे येत होती, भिंतींना धक्का लागू नये म्हणून इंच इंच. तिच्या पुढच्या सुपात तो दगड होता. चुना धुऊन काढलेला, काळाभोर, ओला, वर झेंडूचा हार. त्याच्या बुडाची बाजू, जी कधी कोणी पाहिली नव्हती, उन्हात चमकत होती.

त्या मुलाने मशीन बंद केली. तो घामाने निथळत होता. त्याने सांगितलं की मुकादम बदलला, नव्या मुकादमाने दोरी काढून टाकली, उद्या सकाळी काम तिथेच लावणार होते. आज सुटी होती म्हणून तो एकटा गेला, मशीनने दगड उपसून काढला आणि पाण्याच्या टाक्यावर धुऊन घेतला. मग बाबांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "गुरुजी, सारा मोर तं मले वाचवता नाई आला. पन डोया आनला तुमच्यासाठी."

माझं तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते मला माहीत नाही, ओरडणारच होते बहुतेक. बाबांनी मान न वळवता माझ्या मनगटावर हात ठेवला. दगड अंगणात उतरवला गेला. बाबा त्याच्याजवळ गेले, बसले, त्याच्यावरून दोन्ही हात फिरवले, वरून, कडेने, आणि मग बुडाला, जिथे अजून थोडी ओली माती चिकटली होती. ती त्यांनी बोटांनी चुरून पाहिली. त्यांचा चेहरा माझ्याकडे नव्हता. मग ते त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगलं केलं रे बाबू. लय चांगलं केलं." आणि मला म्हणाले, "बाई, चहा ठेव त्याच्यासाठी. दूध जास्त टाक."

मी आत गेले. पातेलं गॅसवर ठेवलं. बाहेर गल्ली जमली होती, बायका दगडाला कुंकू लावत होत्या. तो मुलगा बाबांजवळ जमिनीवर बसला होता. त्याने विचारलेलं मला आतून ऐकू आलं, "गुरुजी, किती जुना असन हो हा?" बाबा काय म्हणतात ते ऐकायला मी थांबले. त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा बाबांचा आवाज आला, वर्गात यायचा तसा स्वच्छ. "लय जुना हाये. लय."

फोन वाजला. मॅडम होती. निघाले आहे, म्हणाली, गाडीत सगळं साहित्य घेतलं आहे, काळं कापड मात्र एकच आहे, तुमच्याकडे एखादी जाड गोधडी मिळेल का? तिच्या आवाजात उत्साह होता. दूध वर येत होतं. मी गॅस बारीक केला आणि तिला म्हटलं, मॅडम, येऊ नका.